विभागाच्या वार्षिक अहवालात आरंभीची शिल्लक का नसते?

जमाखर्च (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आपल्या नागपूरचे हिवाळी अधिवेशन आटोपले, विधान भवनासमोरचे कठडे निघाले आणि सिव्हिल लाईन्समधून पुन्हा सरळ रस्त्याने घरी जाता येऊ लागले, तेव्हा वर्षभर जमवून ठेवलेली कागदपत्रे वाचायला बसलो. लेखापरीक्षणात नोकरी गेल्यामुळे कोणतेही वार्षिक वृत्त हातात आले की माझी नजर आधी पहिल्या ओळीकडे जाते. साध्या किराणा दुकानदाराच्या वहीतही वर्षाच्या पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक असते; मागच्या वर्षी काय उरले आणि कोणाचे देणे राहिले हे लिहिल्याशिवाय नवा जमाखर्च सुरूच होत नाही. शासकीय विभागांचे वार्षिक अहवाल मात्र १ एप्रिलला जग नव्याने निर्माण झाले असावे, अशा थाटात सुरू होतात.

उदाहरण ताजे आणि आपल्या गावाशी संबंधित आहे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस हे नागपूर दक्षिण-पश्चिमचे आमदार. त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये सर्व विभागांना शंभर दिवसांचा कार्यक्रम आखून दिला आणि १ मे २०२५ रोजी त्याचा निकाल जाहीर केला. ४८ विभागांनी मिळून ९०२ मुद्दे ठरवले होते व त्यांपैकी ७०६ पूर्ण झाले, म्हणजे ७८ टक्के. कोणत्या विभागाचे काम किती झाले हे शासनाने स्वतःहून सांगितले, याचे मला कौतुक आहे. माझ्या नोकरीच्या काळात असा निकाल कोणी लावला असता तर अर्धे कार्यालय रजेवर गेले असते. परंतु माझे मन त्या उरलेल्या १९६ मुद्द्यांत अडकले आहे. पुढच्या अहवालाच्या पहिल्या पानावर तेच १९६ मुद्दे यायला हवेत की नकोत?

तर प्रश्न असा, की एखादा विभाग वर्षाचे काम व पुढील प्राधान्यक्रम सांगतो, तेव्हा मागील वर्षीचे अपुरे राहिलेले प्राधान्यक्रम कोठे जातात? आपापल्या अनुभवावरून लिहावे. कोणता पक्ष चांगला, यासाठी दुसरे धागे आहेत.

सीताबर्डीवाला

काका, ते कोठेही जात नाहीत. ते 'प्रगतिपथावर' असतात, आणि त्या पथाचे रुंदीकरण चालू असते.

माजी_कक्षअधिकारी

धागाकर्त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी अशी वार्षिक पुस्तके संकलित करण्याच्या कामात अनेक वर्षे होतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

अहवाल कोणी एक व्यक्ती बसून लिहीत नाही. वरून परिपत्रक येते, त्यासोबत विहित प्रपत्र असते आणि माहिती 'आजच सायंकाळपर्यंत' हवी असते. कार्यासनाकडून संचालनालयाला, संचालनालयाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला असा तो कागद उतरतो आणि तितक्याच पायऱ्या चढून परत येतो. ज्याच्याकडे माहिती नसते तो 'निरंक' (म्हणजे काहीच नाही) लिहितो, आणि ज्याच्याकडे माहिती असते पण शोधायला वेळ नसतो, तोही 'निरंक'च लिहितो. दोन्ही निरंक मंत्रालयात पोचेपर्यंत सारखेच दिसतात. शेवटी कार्यासनातला सहायक मागील वर्षीची धारिका उघडतो, सन बदलतो, नवे आकडे मिळाले तर घालतो आणि नस्ती (फाईल) सादर करतो.

आता आपला मुद्दा. प्रपत्रात उद्दिष्ट, साध्य, मंजूर तरतूद, खर्च आणि शेरा असे रकाने असतात. 'मागील वर्षीचे अपूर्ण' असा रकाना मी काम केलेल्या प्रपत्रांत नव्हता. जो रकाना नसतो त्याची माहिती कोणी भरत नाही. सरकारी नोकरीत हे गुरुत्वाकर्षणाइतके निश्चित आहे.

स्पर्धार्थी

सर, मी राज्यसेवेचा अभ्यास करतो. आम्हाला आर्थिक पाहणी वाचायला सांगतात आणि आम्ही आकडे पाठ करतो. विभागाचा वार्षिक अहवाल, आर्थिक पाहणी आणि कार्यक्रम अंदाजपत्रक यांत फरक काय, हे कृपया कोणी नीट सांगेल का?

वैशाखी

लोकप्रशासन हा विषय शिकवत असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते. आर्थिक पाहणी अर्थ व सांख्यिकी संचालनालय तयार करते आणि ती अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी किंवा आसपास विधिमंडळात मांडली जाते. तिच्यात संपूर्ण राज्याचे चित्र असते. कार्यक्रम अंदाजपत्रक त्या त्या विभागाचे असते आणि पैसा कोणत्या योजनेवर, कोणत्या भौतिक उद्दिष्टासाठी मागितला आहे, ते त्यात पाहायचे असते. वार्षिक प्रशासन अहवालात झालेल्या कामाचे वर्णन येते. ही तिन्ही कागदपत्रे विभाग किंवा शासन स्वतःच लिहिते, हे कायम लक्षात ठेवा. बाहेरच्या नजरेने लिहिलेला कागद म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल. संविधानाच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे तो राज्यपालांना सादर होतो व त्यांच्यामार्फत विधिमंडळापुढे येतो. बहुतेक वेळा तो अधिवेशनाच्या अगदी शेवटी पटलावर ठेवला जातो, त्यामुळे सभागृहात त्यावर बोलायला वेळ उरत नाही. पुढे विधिमंडळाची लोकलेखा समिती त्याची छाननी करते, पण तोवर संबंधित अधिकारी दोनदा बदलून गेलेले असतात.

संसदेत विभागांशी संलग्न अशा २४ स्थायी समित्या आहेत आणि मंत्रालयांचे वार्षिक अहवाल तपासणे हे त्यांच्या कामांपैकी एक आहे. या समित्यांची एक रीत मला फार आवडते. समितीने शिफारस केली की शासनाला तिच्यावर काय केले ते कळवावे लागते, आणि समिती त्यावर पुन्हा स्वतंत्र अहवाल देते. मान्य केलेल्या, न पटलेल्या आणि उत्तरच न आलेल्या शिफारशी त्यात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. जमाखर्च काका, आपण म्हणता ती आरंभीची शिल्लक हीच.

जमाखर्च

वैशाखीताई, अगदी हेच. मागची थकबाकी वेगळ्या प्रकरणात दाखवली, की ती नाहीशी करणे अवघड होते.

पवनीकर

भंडारा जिल्ह्यातला माणूस या विषयावर गप्प राहू शकत नाही, म्हणून लांबलचक लिहितो, क्षमस्व.

आमच्या तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८३ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा प्रकल्पाची किंमत ३७२ कोटी होती. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि किंमत पुढे वाढत अठरा हजार कोटींच्या वर गेली. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत मिळून अडीच लाख हेक्टरांची सिंचन क्षमता त्यातून व्हायची आहे. आता सांगा, इतकी वर्षे दर साली कोणीतरी या प्रकल्पाचे वार्षिक वृत्त लिहीत आले असणार, आणि दर साली त्यात काही ना काही साध्य झालेलेच असणार.

यातली गोम 'निर्मित सिंचन क्षमता' या शब्दात आहे. धरणात पाणी आले, मुख्य कालवा झाला, वितरिका अमुक किलोमीटरपर्यंत पोचली, की तेवढ्या लाभक्षेत्राची क्षमता निर्माण झाली असे कागदावर धरले जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र लघुवितरिका, विमोचक (कालव्यातून पाणी सोडण्याचे दार) आणि शेतचारी होऊन बांधावर पाणी आले तरच ओलीत झाले. आमच्या वावरापासून हाकेच्या अंतरावर एका प्रकल्पाची वितरिका कित्येक वर्षे कोरडी उभी होती. तिच्यात आम्ही तुरीच्या काड्या वाळवत असू. अहवालाच्या हिशोबात आम्ही तेव्हाही लाभधारकच होतो.

जुनी_पाने

पवनीकर भाऊंनी बरोबर नस पकडली आहे. २०१२ मध्ये सिंचनावरून राज्यभर जो गदारोळ झाला त्याचे मूळ अशाच दोन आकड्यांच्या भांडणात होते. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत पिकांखालील एकूण क्षेत्रापैकी सिंचित क्षेत्राचे प्रमाण दशकभरात १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर गेल्याचे छापून आले. दहा वर्षांत एक दशांश टक्का! जलसंपदा विभागाचे म्हणणे असे, की आम्ही क्षमता मोजतो आणि हा आकडा वेगळ्या पद्धतीने काढलेला आहे. नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीस सिंचनाची श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरमध्ये आपल्या नागपूरच्या अधिवेशनात तिच्यावरून रण माजले.

त्यानंतर काय झाले, हे या धाग्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. पुढच्या अनेक आर्थिक पाहण्यांत सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीच्या जागी 'उपलब्ध नाही' असे छापले जाऊ लागले. शिल्लक गैरसोयीची निघाली, तर तिचा रकाना असूनही तो रिकामा ठेवता येतो, असा माजी_कक्षअधिकारी यांच्या नियमाला जोडलेला हा पोटनियम आहे.

स्पर्धार्थी

परीक्षेत हा आकडा विचारला तर 'उपलब्ध नाही' असा पर्याय असेल का?

सीताबर्डीवाला

असेल, पण तो निवडला तर गुण 'विचाराधीन' राहतील.

खामल्याची

मला शासनाच्या पुस्तकांतले फारसे कळत नाही, पण नागपूरकराला अहवाल वाचण्याची गरजच काय, असे कधी कधी वाटते. डिसेंबर जवळ आला की दुभाजकांना रंग लागतो, रवी भवन आणि आमदार निवासाच्या परिसरातील झाडांच्या फांद्या छाटल्या जातात आणि मुख्यमंत्र्यांच्या रामगिरी बंगल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर खड्डा औषधालाही सापडत नाही. कोणत्या विभागाचा प्राधान्यक्रम काय आहे, हे मी स्कूटरवरून दहा मिनिटांत सांगू शकते. हेच दुभाजक पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा रंगतात. तेव्हा आरंभीची शिल्लक नसते ती अशी.

माजी_कक्षअधिकारी

खामल्याची ताईंचा विनोद मान्य, पण आमचीही बाजू थोडी ऐकून घ्या. काम अपुरे राहण्याची कारणे नेहमीच आळसाची नसतात. २०२४ हेच वर्ष घ्या. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहिली; विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली आणि नोव्हेंबर संपत आल्यावर उठली. म्हणजे सुमारे चार महिने नवी कामे सुरू करता आली नाहीत, नव्या निविदा अडकल्या, आणि मधल्या काळात पावसाळा होता. निधीचेही तसेच. तरतूद शंभराची असते, ती वितरण प्रणालीवर टप्प्याटप्प्याने उघडते, आणि मोठा वाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन पडतो. तो खर्च झाला नाही तर समर्पित, म्हणजे शासनाला परत, करावा लागतो, आणि समर्पित केला तर पुढच्या वर्षी 'तुम्हाला गरज नव्हती' म्हणून तरतूद कापली जाते. अशा वेळी 'अपूर्ण' असा रकाना असता तर अधिकाऱ्याने त्यात खरे कारण लिहिले असते, असे आपणांस वाटते का?

जमाखर्च

वाटते. निदान आचारसंहितेचे कारण तरी लिहिता आले असते, कारण त्यात कोणाचाच दोष नाही. आम्ही लेखापरीक्षक आक्षेप घेत असू तो काम अपुरे राहिल्याबद्दल क्वचितच असे. अपुरे राहिलेले काम पुढच्या कागदावर दिसेनासे झाले, की आम्ही पेन उघडत असू. कारण लिहिलेली थकबाकी आणि न लिहिलेली थकबाकी यांत फार अंतर आहे.

वैशाखी

येथे माझे थोडे वेगळे मत नोंदवते. शंभर दिवसांच्या कार्यक्रमात मुद्दे विभागांनी स्वतः ठरवलेले होते. अपूर्ण राहिलेले मुद्दे कायमचे गळ्यात पडणार असे कळले, तर विभाग पुढच्या वेळी सोपेच मुद्दे निवडतील आणि निकाल शंभर टक्के लागेल. त्याच काळात क्षेत्रीय कार्यालयांसाठी सात कलमे ठरली होती व मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे दिले होते. त्यांतील संकेतस्थळ, कार्यालयाची स्वच्छता, अभ्यागतांसाठी सोयी ही कलमे तपासायला सोपी आहेत. पाहणी करणारा येतो, पाहतो, गुण देतो. तक्रार निवारण हेही एक कलम होते, पण तक्रार 'निकाली काढली' आणि तक्रारदाराचे काम झाले, या दोन गोष्टी वेगळ्या असतात. मोजमाप आले की जे मोजले जाते ते सुधारते, आणि बाजूचे तसेच राहते. म्हणून शिल्लक दाखवण्याची सक्ती करण्याआधी मुद्दे कोणी ठरवायचे, हा प्रश्न सोडवावा लागेल.

कलम_चार

वैशाखीताईंशी सहमत. मी एका कार्यालयाच्या तक्रार प्रणालीवर पाणीपट्टीच्या चुकीच्या देयकाची तक्रार केली होती. आठव्या दिवशी भ्रमणध्वनीवर संदेश आला, की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. देयक पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दुसरी तक्रार केली, तीही निकाली निघाली. म्हणजे त्यांच्या अहवालात प्राप्त तक्रारी दोन, निकाली दोन, प्रलंबित निरंक. आणि माझ्या टेबलावर देयके तीन.

जुनी_पाने

थोडे विषयांतर, पण त्याच वाटेवरचे. आपले नागपूर १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी होते आणि तेव्हापासून प्रांताचा प्रशासन अहवाल दर वर्षी छापला जाई. रिचर्ड टेम्पल मुख्य आयुक्त असतानाचे जाडजूड अहवाल आजही जुन्या ग्रंथालयांत पाहायला मिळतात. जमीन महसूल, पोलीस, तुरुंग, शिक्षण, देवीची लस, दवाखाने अशी प्रकरणे वर्षानुवर्षे बहुतांशी त्याच क्रमाने येत. ते राज्य परक्यांचे होते आणि दुष्काळाच्या वर्षांत त्या पानांवरचा कोरडेपणा वाचवत नाही, हे आधीच सांगतो. तरीही एक सोय होती: प्रकरणे तीच असल्यामुळे मागच्या वर्षीचे पान शेजारी ठेवून कोणीही तुलना करू शकत असे. आज योजनेचे नावच तीन वर्षांत बदलते, दोन योजना एकत्र होतात, एकीच्या तीन होतात, आणि तुलना करायला जुने पान हाताशी असले तरी त्याचा नव्याशी मेळ बसत नाही.

पवनीकर

आपल्या विदर्भासाठी तर अशी सोय थेट संविधानात लिहून ठेवली होती. अनुच्छेद ३७१(२) प्रमाणे विकास मंडळांच्या कामकाजाचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवायचा आहे. १९९४ मध्ये मंडळे स्थापन झाली. अनुशेष हा शब्द आमच्या पिढीने तेथूनच शिकला. १९८४ च्या दांडेकर समितीने तो पहिल्यांदा क्षेत्रवार मोजून दाखवला होता. अनुशेष म्हणजे काका म्हणतात ती मागील बाकीच! मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि पुनरुज्जीवनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. मंडळ नसेल तर अहवाल कशाचा ठेवणार?

जुनी_पाने

त्यात प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीची भर घाला. समितीने ऑक्टोबर २०१३ मध्ये अहवाल दिला आणि तो डिसेंबर २०१४ मध्ये नागपूरलाच सभागृहात आला. मधले चौदा महिने तो अहवाल स्वतःच थकबाकीत होता.

सीताबर्डीवाला

एक गंभीर प्रश्न, विनोद नाही. विदर्भाने महाराष्ट्रात यावे म्हणून झालेला नागपूर करार १९५३ चा. त्यात वर्षातून एक अधिवेशन येथे घ्यावे असे ठरले. मग वर्षाचा हिशोब येथे का होत नाही?

वैशाखी

कारण आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते आणि अर्थसंकल्प मुंबईला मांडला जातो. डिसेंबरमध्ये नागपूरला येतात त्या पुरवणी मागण्या. २०२३ मध्ये त्या ५५,५२० कोटींच्या होत्या, २०२४ मध्ये ३३,७८८ कोटींच्या. पुरवणी मागणी म्हणजे मार्चमध्ये सांगितलेल्या प्राधान्यक्रमात वर्षाच्या मधेच काय बदलले त्याची कबुली असते, म्हणून ती पुस्तिका कोणत्याही सचित्र अहवालापेक्षा अधिक बोलकी असते. स्पर्धार्थी, तुम्ही तीच वाचायला घ्या. पैसा कोणत्या मागणी क्रमांकाखाली वाढवला ते पाहा, आणि मग त्याच विभागाचे मार्चमधील कार्यक्रम अंदाजपत्रक शेजारी ठेवा.

स्पर्धार्थी

ताई, आपल्या सांगण्याप्रमाणे एका विभागाची लागोपाठच्या दोन वर्षांची पुस्तके उतरवून घेतली आणि काल रात्री शेजारी ठेवून वाचली. विभागाचे नाव लिहीत नाही, कारण उद्या तेथेच नोकरी लागायची. 'प्रस्ताव तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे' हे वाक्य दोन्ही पुस्तकांत शब्दशः तेच आहे, स्वल्पविरामासह. आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या पुस्तकात 'प्रस्तावित' म्हणून ज्या कामाला पूर्ण परिच्छेद दिला होता, त्याचा दुसऱ्या पुस्तकात उल्लेखच नाही. ते झाले, रद्द झाले की राहिले, हे कळायला काही मार्ग नाही.

जमाखर्च

शाब्बास! हाच माझा मूळ प्रश्न होता, आणि या मुलाने तो एका रात्रीत पुराव्यानिशी मांडला. मार्ग आहे. माहितीचा अधिकार वापरून त्या १९६ मुद्द्यांची आजची स्थिती विचारावी, असे मनात आहे.

कलम_चार

काका, जरूर करा, पण तयारीने. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, असा नियम आहे. दहा रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावायचे आणि तीस दिवस वाट पाहायची. १९६ मुद्दे अनेक विभागांत विखुरलेले असणार आणि प्रत्येक विभागाचा जनमाहिती अधिकारी वेगळा, म्हणजे एका अर्जात सगळे मिळणार नाही. एकाच विभागापासून सुरुवात करा.

माजी_कक्षअधिकारी

आणि अर्जात 'का' हा शब्द कोठेही येऊ देऊ नका. 'काम का झाले नाही' असे विचारले, तर 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही' असे उत्तर येईल. असली उत्तरे मी स्वतः लिहिलेली आहेत. अमुक यादीची प्रत, अमुक बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत, अमुक दिनांकाच्या पूर्तता अहवालाची प्रत, असेच मागा. कागद अस्तित्वात असेल तर तो द्यावाच लागतो.

जमाखर्च

मसुदा असा केला आहे: 'शंभर दिवसांच्या कार्यक्रमांतर्गत आपल्या विभागाने निश्चित केलेल्या मुद्द्यांपैकी दिनांक १ मे २०२५ रोजी अपूर्ण असलेल्या मुद्द्यांची यादी, तसेच त्या मुद्द्यांच्या सद्यःस्थितीबाबत विभागाकडे उपलब्ध असलेल्या अखेरच्या पूर्तता अहवालाची प्रत मिळावी.' सोमवारी टपालाने पाठवतो. उत्तर आले की याच धाग्यावर टाकीन.

सीताबर्डीवाला

शब्द मोजले काका, दीडशेच्या बरेच आत आहे. 'निरंक' आले तर अपिलाच्या मुद्रांकाचे पैसे आणि तर्री पोहे माझ्याकडून.